पट्टी शून्यावर नसेल तर?

२०२३ साली ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचे कार्यकर्ते देशातल्या २८ जिल्ह्यांत गावोगावी, घरोघर फिरले. १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना त्यांनी रोजच्या व्यवहारातली काही कामं करायला दिली. त्यातलं एक अगदीच साधं होतं: पट्टीला लागून एक वस्तू आहे, तिची लांबी सांगा. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा जवळपास ८५ टक्के जणांनी बरोबर उत्तर दिलं. वस्तू शून्यावरून थोडी पुढे सरकली, आणि बरोबर उत्तरं ३९ टक्क्यांवर आली.

मधल्या सेहेचाळीस टक्क्यांचं काय झालं? त्यांना लांबी मोजता येत नव्हती. वस्तू जिथे संपते तिथला आकडा वाचायचा, एवढंच येत होतं. पुस्तकातल्या चित्रात वस्तू बहुतेक वेळा शून्यापासूनच सुरू होते, त्यामुळे त्यांना आजवर या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळत आले असणार. ती मुलं खोटं वागली नव्हती, शिक्षकांनीही फसवलं नव्हतं. प्रश्नच असा होता की न शिकलेलं झाकलं जावं.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली ‘समग्र प्रगती पत्रक’, ‘क्षमताधिष्ठित प्रश्न’, ‘परख’ असे शब्द येऊन पडतात आणि खाली कुणीतरी विचारतं, “मार्क का नाही देत हो सरळ?” प्रश्न रास्त आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतर तपासणाऱ्या परीक्षा कमी करा असं सांगितलं, २०२३ मध्ये एनसीईआरटी या शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या छत्राखाली ‘परख’ नावाचं मूल्यमापन केंद्र उभं राहिलं, आणि आता मूल स्वतःबद्दल काय म्हणतं, वर्गमित्र काय म्हणतात, घरचे काय म्हणतात हेही लिहायला जागा असलेलं प्रगती पत्रक आलं. पण या सगळ्या कागदांच्या मागे कल्पना एकच आहे: येतं की नाही हे प्रत्यक्ष करायला लावून बघायचं. आणि ती आपल्याला आरटीओमुळे आधीच माहीत आहे.

कच्चं लायसन्स आणि पक्कं लायसन्स

गाडी शिकायची तर आधी लर्निंग लायसन्स काढतो. संगणकावर खुणा दाखवतात, या खुणेचा अर्थ काय, उजवीकडे वळताना काय करायचं, असे प्रश्न येतात. पास झालात की कच्चं लायसन्स. त्याच्या जोरावर एकट्याने गाडी रस्त्यावर आणायला कुणी परवानगी देत नाही. पक्क्या लायसन्ससाठी शेजारी निरीक्षक बसतो किंवा ट्रॅकवर उभा राहतो आणि तुम्हाला प्रत्यक्ष गाडी चालवायला लावतो. (काही ठिकाणी हा निरीक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे बोलूच.)

शाळा दहा वर्षं मुलाला कच्च्या लायसन्सच्या परीक्षा देते आणि शेवटी पक्कं लायसन्स हातात ठेवते.

प्रत्यक्ष कामातून घेतलेल्या परीक्षेला शिक्षणाच्या भाषेत ‘कृती-आधारित मूल्यमापन’ म्हणतात. तीन गोष्टी जुळल्या तरच ते खरं. एक, काम खरं किंवा खऱ्यासारखं हवं. दोन, मूल ते करत असताना कुणीतरी बघायला हवं. तीन, काय बघणार हे मुलाला आधी ठाऊक हवं. यातली एक गोष्ट गळली की उरतो तो ‘प्रकल्प’: रंगीत कागद, सजवलेली फाइल आणि रविवारी रात्री अकरा वाजता जागी असलेली आई.

कल्पना आपल्याकडे परदेशातून आली असं समजायचं कारण नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताने केलेल्या कामाभोवतीच गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं असं ते होतं. आणि १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मुंबईची मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य या चार विभागांत हात घालायचा: वेल्डिंग, माती परीक्षण, वायरिंग, रक्तगट तपासणी. तिथलं एक तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. कामं शक्यतो गावाच्या उपयोगाची असावीत. म्हणजे मुलाने फाटक बनवलं तर ते कुणाच्या तरी गोठ्याला लागणार. वेल्डिंगचा सांधा पक्का आहे की नाही हे मग गुरांनी धडका मारून ठरवायचं. त्या परीक्षकाशी वाद घालता येत नाही.

नारळाचा हिशोब

“पण गणित ते गणित, दुकानात काय आणि वहीत काय,” असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं नसतं, हे बऱ्याच आधी दिसलं होतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काही संशोधक रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून गेले. त्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एक बारा वर्षांचा पोरगा नारळ विकत होता, एक नारळ ३५ क्रुझेरोला. चार नारळांचे किती? तो म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीस, १३५… एक नारळ ३५चा… म्हणजे १४०. बरोबर. त्याच मुलाला नंतर कागद-पेन्सिल देऊन ३५ गुणिले ४ करायला सांगितलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. त्याने उत्तर लिहिलं २००. आपण दिवसभर ज्या भावाने नारळ विकतो तोच हिशोब आपण चुकतोय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. अभ्यासात मुलं पाचच होती. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, कोऱ्या आकडेमोडीत ३७ टक्के.

पाच मुलांवरून काय ठरवायचं, असं कुणी म्हणेल. २०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास आला. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्या संशोधकांमध्ये होते. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे सौदे तोंडी करत होती, शाळेतली साधी उदाहरणं त्यांना अडत होती. जवळच्याच शाळांतल्या, बाजारात कधी काही न विकलेल्या ४७१ मुलांचं चित्र नेमकं उलटं: वहीतली आकडेमोड चांगली, पण बाजारातल्या व्यवहाराचं जे उदाहरण काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलं, ते यांच्यातल्या फक्त एक टक्का मुलांना जमलं.

हा अभ्यास दोन्ही बाजूंना टोचतो. ‘अनुभवच गुरू’ म्हणणाऱ्यांनाही, कारण बाजारातल्या मुलांचं गणित बाजारातच अडकून पडलं. आणि आपल्यालाही, कारण आपली मुलं त्या दुसऱ्या गटातली आहेत.

एका वीजबिलाची परीक्षा

उदाहरणाशिवाय हे सगळं हवेत राहील. समजा सातवीचा वर्ग आहे. नेहमीचा प्रश्न असा: ‘१४० × १० = ?’ किंवा फार तर, ‘एका युनिटचा दर १० रुपये असल्यास १४० युनिटचे बिल किती?’

आता त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या हातात वीजबिलाची एकच छायाप्रत द्या. घरचं बिल आणायला सांगू नका; कुणाकडे मीटर घरमालकाच्या नावावर असतं, कुणाचं बिल थकलेलं असतं, आणि ते वर्गात उघडं पडायचं कारण नाही. बिलावर मागील रीडिंग आहे, चालू रीडिंग आहे, स्थिर आकार आहे. वापरलेल्या युनिटची आणि रकमेची जागा मात्र पुसलेली. शेजारी दर लिहिले आहेत. सोपे आकडे घेऊ: पहिल्या १०० युनिटला पाच रुपये, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला दहा. मुलाला सांगायचं: हे बिल एका आजीबाईंचं आहे. बिल किती यायला हवं हे त्यांना कळत नाही. हिशोब करून बघ आणि त्यांना कळेल अशा भाषेत चार ओळी लिहून दे.

आता बघा काय काय दिसतं. वापर १४० युनिट आहे हे कुठेच लिहिलेलं नाही; एका रीडिंगमधून दुसरं वजा करायचं हे मुलाला सुचलं पाहिजे. (पट्टीवर सरकवलेली वस्तू ती हीच!) मग टप्प्यांचे दर. सगळ्या १४० युनिटना दहाने गुणणारी मुलं निघतील, १४०० रुपये. खरं उत्तर ५०० आणि ४००, मिळून ९००. ही चूक मोठ्यांचीही होते, ‘शंभरच्या वर गेलं की सगळंच बिल दुप्पट दराने’ असं छातीठोक सांगणारे शेजारी मला माहीत आहेत. मग स्थिर आकार, जो बंद घरालाही लागतो, तो मिळवायचा राहिला का? आणि शेवटी आजींना लिहिलेल्या चार ओळी. काही मुलांचा हिशोब बिनचूक असतो, पण तो समजावता येत नाही. काहींचं उलट. १४० गुणिले १० मध्ये यातलं काहीही दिसलं नसतं.

मार्क कसे द्यायचे? इथे तो प्रसिद्ध शब्द येतो: रुब्रिक. शिक्षक प्रशिक्षणात तो इतक्या वेळा आदळतो की लोक दचकतात. अर्थ एवढाच की कामाच्या दर्जाच्या पायऱ्या आधीच शब्दांत लिहून ठेवायच्या. या बिलापुरतं सांगायचं तर: सगळ्यात खालची पायरी, बिलावरचे आकडे शोधता आले पण कशाचं काय करायचं ते कळलं नाही. त्यावरची, युनिट काढता आले, सगळ्यांना एकच दर लावला. तिसरी, टप्पे नीट लावले, हिशोब बरोबर. चौथी, हिशोब बरोबर आणि आजींना तो पटेल असा मांडला. एवढंच. ‘उत्तम, चांगले, साधारण’ हे रुब्रिक नव्हे. उत्तम म्हणजे काय हे ज्यात लिहिलेलं नाही, त्यावरून मुलाला पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही.

“शिक्षक डोळे मिटून मार्क देतात त्याचं काय?”

हा सगळ्यात जड आक्षेप आहे, आणि महाराष्ट्राने तो अंगावर घेतलेला आहे. दहावीला भाषेच्या विषयांत ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण तोंडी परीक्षेसारख्या शाळेतल्या मूल्यमापनाचे, अशी पद्धत होती. २०१९च्या परीक्षेला नव्या अभ्यासक्रमासोबत हे वीस गुण काढले. २०१८ मध्ये निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. गदारोळ झाला, वीस गुण परत आणले, २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के. या चढउताराला दुसरीही कारणं आहेत. अभ्यासक्रम नवा होता, २०२० मध्ये कोविडमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तरीही तोंडी परीक्षेचे वीस गुण म्हणजे शाळेने घातलेली ओवाळणी, हे उघड गुपित होतं.

आता गंमत बघा. भाषा येते की नाही हे बघायला बोलायला लावण्यासारखी खरी परीक्षा दुसरी नाही. तोंडी परीक्षा ही कल्पना म्हणून लेखीपेक्षा उजवीच. ती बिघडली कारण ती कुणी तपासत नव्हतं. लेखी पेपराला परीक्षक असतो, त्याच्यावर नियामक असतो, त्याच्यावर मुख्य नियामक. तोंडीला कुणीच नाही. आरटीओचा मोबाइलवाला निरीक्षक तो इथेच भेटतो.

उपाय माहीत नाही असंही नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या रोनाल्ड हार्डन या वैद्यकीय शिक्षकाने डॉक्टरांच्या परीक्षेची एक पद्धत मांडली. आपल्या मेडिकल कॉलेजांतली मुलं तिला ‘ऑस्की’ म्हणतात. एका ‘लाँग केस’वर, म्हणजे एकाच रुग्णाच्या सविस्तर तपासणीवर, आणि एका परीक्षकाच्या मर्जीवर विद्यार्थी सोडायचा नाही. टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर काही मिनिटांचं एकेक काम: इथे रक्तदाब मोज, तिथे रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजाव. घंटा वाजली की पुढचं टेबल. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, हातात ठरलेली यादी. पन्नास वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. शाळेत एवढा थाट नको. दहा मुलांची कामं शेजारच्या शाळेच्या बाईंनी, नावं झाकून, त्याच पायऱ्यांवर पुन्हा तपासली तरी हात आवरता राहतो.

शितावरून भाताची परीक्षा होते का?

भाताची होते, कारण पातेल्यातला भात साधारण एकसारखा शिजतो. मुलाचं शिकणं असं एकसारखं शिजत नाही. वीजबिलात हुशार ठरलेलं मूल नकाशा वाचताना अडखळू शकतं, म्हणून एकाच कामावरून ‘याला गणित येतं’ असा शिक्का मारणं धोक्याचं. हार्डन यांनी अनेक टेबलं मांडली ती याचसाठी. वर्षभरात एकच भव्य प्रकल्प देण्यापेक्षा सहा-सात छोटी कामं बरी, आणि सोबत साधी लेखी चाचणीही हवीच. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्नांतून तासाभरात जेवढा पसारा पाहता येतो, तेवढा कामांतून पाहायला आठवडे लागतील. लेखी परीक्षेला हिणवायचं कारण नाही.

“मग पाढे पाठ करायचेच नाहीत?”

करायचे. बिलाचं उदाहरण सोडवताना ज्याला चार दाहे चाळीस बोटांवर मोजावं लागतं, त्याचं डोकं टप्प्यांच्या विचाराला मोकळंच राहत नाही. कोलकात्याच्या मुलांनी दाखवलं की व्यवहार येणं पुरेसं नाही, त्यांना लिखित गणित हवं होतं आणि मिळालं नव्हतं.

साठ मुलांच्या वर्गात कसं जमायचं?

हा प्रश्न शिक्षकांचा, आणि खरा. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं म्हणतो. प्रत्यक्षात कुठे साठ असतात, तर कुठे एकाच बाईंकडे चार इयत्ता. वर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं आणि रोज नवं ॲप.

आपण एकदा यात हात पोळून घेतले आहेत. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कागदावर ते उत्तम होतं: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, कृती, प्रकल्प अशी आठ साधनं, पहिली-दुसरीला तर शंभरातले सत्तर गुण वर्षभराच्या अशा ‘आकारिक’ कामाचे. पण प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला सांगितल्या आणि नोंदी हेच काम होऊन बसलं. आज इंटरनेटवर ‘वर्णनात्मक नोंदी’ शोधा, इयत्तावार, विषयवार तयार वाक्यांच्या पीडीएफ रांगेने मिळतील. ‘परिसरातील घटकांचे निरीक्षण आवडीने करतो.’ एकच वाक्य, हजारो मुलं. मुलाकडे बघायला वेळ मिळावा म्हणून आणलेल्या पद्धतीने मुलाकडे बघायचा वेळ खाल्ला. नव्या प्रगती पत्रकाचं तेच होईल, ही भीती मला अनाठायी वाटत नाही.

जमवायचं असेल तर कमी करून जमेल. चाळीसच्या वर्गात बिलाचं काम सगळ्यांनी करावं, पण बाईंनी त्या दिवशी आठच मुलांकडे लक्ष देऊन बघावं. दुसऱ्या दिवशी दुसरी आठ. पाच दिवसांत वर्ग होतो. नोंद म्हणून नावापुढे पायरीचा आकडा, आणि खरंच काही वेगळं दिसलं तरच एक ओळ.

“घरून तर पालकच करून देतात”

म्हणून घरी द्यायचंच नाही. माझ्या भाच्याचा ज्वालामुखी चार वर्षांपूर्वी शाळेत पहिला आला. तो माझ्या मेहुण्याने केला होता, आणि लाव्हा लाल दिसावा म्हणून त्यात कुंकू घालण्याची सूचना माझी. भाच्याला विचारलं तर लाव्हा का वर येतो हे त्याला सांगता आलं नव्हतं, पण ते कुणी विचारलंच नाही. घरी केलेल्या कामात आणखी एक अन्याय असतो: ज्याच्या घरी प्रिंटर आणि रिकामा बाप आहे त्याला जास्त गुण. काम वर्गात, साहित्य सगळ्यांना सारखं, आणि शेवटी दोन मिनिटं “हे असं का केलंस?” एवढं विचारलं की बरीचशी गळती थांबते.

“पुढे नीट-जेईई तर पर्यायांचीच आहे”

बहुतांशी आहे, आणि राहील. लाखो मुलांतून मोजकी निवडायची असतील तर संगणकाने तपासता येईल अशीच परीक्षा परवडते. पण ती चाळण आहे. सातवीतल्या मुलाला चाळायचं नसतं, त्याचं कुठे अडलंय ते बघायचं असतं. रक्त तपासणीचा रिपोर्ट आणि पोलीस भरतीची शारीरिक चाचणी दोन्ही शरीराचीच, तरी एकीचं काम दुसरीवर भागत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत नवं प्रगती पत्रक हातात आलं की त्यावरचे हसरे चेहरे आणि फुलं जरा बाजूला ठेवा आणि विचारा, या सत्रात माझ्या मुलीने वर्गात काय काय करून दाखवलं? “फाइल पूर्ण आहे तिची” असं उत्तर आलं, तर न रागावता पुढचं विचारा: कोणतं काम, किती वेळ, आणि कुणाच्या समोर?